स्ट्रॉम्बोलीवर गुणोत्तर चढलं त्या दिवशी

दुपारी बाराच्या सुमारास लॅपटॉपवरचं गुणोत्तर १४ च्या पुढे सरकलं. ज्वालामुखीतून निघणाऱ्या वायूंच्या लोटातला कार्बन डायऑक्साइड भागिले सल्फर डायऑक्साइड. सकाळपासून ते ८-९ च्या आसपास रेंगाळत होतं, आणि स्ट्रॉम्बोलीसाठी तेवढं नेहमीचंच. सिसिलीच्या उत्तरेला समुद्रात उभ्या असलेल्या या ज्वालामुखीवर वायूंचं काम करणाऱ्यांच्या डोक्यात एक तारीख पक्की बसलेली असते : १५ मार्च २००७. त्या दिवशी इथे मोठा स्फोट झाला, आणि त्याआधी हेच गुणोत्तर २० च्या वर गेलं होतं.

या एका आकड्याला इतकं महत्त्व का, ते आधी सांगतो. शिलारसात वायू विरघळलेले राहतात ते दाबामुळे. शिलारस वर येतो, दाब उतरतो आणि वायू बुडबुड्यांच्या रूपाने सुटे होतात. पण सगळे एकाच खोलीवर नाही. कार्बन डायऑक्साइडची विद्राव्यता फार कमी, त्यामुळे तो कित्येक किलोमीटर खोलवरच शिलारस सोडतो. गंधक, म्हणजे सल्फर, बराच वर येईपर्यंत विरघळलेलं राहतं, क्लोरीन त्याहून वर. पाण्याची वाफ सगळ्यांत जास्त, पण तिचा मोठा भाग शेवटच्या काही किलोमीटरमध्ये सुटतो. म्हणून लोटात सल्फरच्या मानाने कार्बन वाढला, तर खोलवरून नवा वायू येतोय असा अर्थ निघू शकतो. स्ट्रॉम्बोलीखाली तो साठा साधारण सात ते दहा किलोमीटरवर मानला जातो.

आम्ही पित्सो सोप्रा ला फोस्सा या ९१८ मीटर उंचीच्या कड्यावर होतो. विवरं तिथून दीड-दोनशे मीटर खाली. वारा वायव्येचा असला की लोट थेट कड्यावर येतो. यंत्र म्हणजे एक पेटी : मिनिटाला साधारण एक लिटर हवा ओढणारा पंप, तोंडाशी टेफ्लॉनचा एक मायक्रॉनचा फिल्टर, कार्बन डायऑक्साइडसाठी अवरक्त किरणांचा सेन्सर, सल्फर डायऑक्साइड आणि हायड्रोजन सल्फाइडसाठी विद्युत-रासायनिक सेन्सर, १२ व्होल्टची बॅटरी. दर सेकंदाला एक नोंद. हवेत मुळातच ४२० पीपीएमच्या (दशलक्ष भागांत ४२०) आसपास कार्बन डायऑक्साइड असतो, तो वजा करून वरची वाढ मोजायची. सल्फर डायऑक्साइड २० पीपीएम आणि कार्बनची वाढ १६० पीपीएम, तर गुणोत्तर ८. गणित एवढंच. चुका मात्र या गणिताच्या आधी होतात, आणि त्यातल्या बहुतेक चुका गुणोत्तर वाढवणाऱ्या असतात. त्यामुळे १४ दिसल्यावर पहिलं काम खाली कळवण्याचं नव्हतं, यंत्रावर संशय घेण्याचं होतं.

सुरुवात श्वासापासून. माणसाच्या उच्छ्वासात जवळपास ४ टक्के कार्बन डायऑक्साइड असतो, म्हणजे चाळीस हजार पीपीएम, आणि सल्फर शून्य. नळीच्या तोंडाच्या वाऱ्याकडच्या बाजूला कुणी उभं राहिलं की आकडा फुगलाच. मास्कने यात काही फरक पडत नाही. त्यातली डबी आम्लवायू अडवते, कार्बन डायऑक्साइड नाही. सगळ्यांना वाऱ्याच्या खालच्या अंगाला नेलं. आकडा हलला नाही.

मग जमीन. या कड्याच्या मातीतूनही कार्बन डायऑक्साइड झिरपतो, सल्फरशिवाय. ओळखायची खूण सोपी आहे : वारा फिरून लोट दूर गेला आणि सल्फरचा आकडा शून्यावर आला, तेव्हा कार्बन कुठे थांबतो ते पाहायचं. तो मूळ पातळीवर परतत होता. म्हणजे मातीचा वायू नाही.

तिसरी गोष्ट सेन्सरच्या वेगाची. अवरक्त सेन्सर काही सेकंदांत प्रतिसाद देतो, विद्युत-रासायनिक सेन्सर त्याहून सावकाश. लोट झोतांनी येतो तेव्हा कार्बनचं शिखर आधी उमटतं, सल्फरचं मागाहून, आणि आलेखावर बिंदूंची सरळ रेघ न दिसता फुगीर वेटोळं दिसतं. अशा नोंदींची सेकंदासेकंदाने भागाकार करणं व्यर्थ. दोन्ही शिखरांखालचं क्षेत्रफळ काढून त्यांचं गुणोत्तर घ्यायचं. तसं केल्यावर १४ चे १३ झाले, जास्त नाही.

खरी गोम नळीत होती. पारदर्शक नळीला मधोमध झोळ पडला होता आणि त्या खोलगट भागात थेंब साचले होते. लोटातली वाफ थंड नळीत निवली की असं होतं. सल्फर डायऑक्साइड त्या पाण्यात सहज विरघळतो. कार्बन डायऑक्साइड, विशेषतः पाणी आम्लधर्मी झाल्यावर, जवळजवळ नाही. सेन्सरपर्यंत सल्फर कमी पोचतो आणि खोलवरून नवा शिलारस आल्याचा आभास तयार होतो. फिल्टरही ओला होऊन पिवळसर पडला होता. नळी बदलून आखूड आणि कोरडी लावली, तिला तोंडाकडे उतार दिला म्हणजे पाणी बाहेर वाहील, नवा फिल्टर बसवला. पुढच्या तासाभराच्या नोंदींत गुणोत्तर ११ आलं.

नेहमीपेक्षा जास्तच, पण भीतीदायक नाही. तरीही एक छाननी उरली होती. स्ट्रॉम्बोली दर दहा-वीस मिनिटांनी लाव्हाचे तुकडे उडवतो. ते स्फोट डोळ्यांत भरतात खरे, पण बहुतांश वायू त्यांच्यामधल्या शांत वेळेत निघून जातो. वायू हरवलेला शिलारस जड होऊन खाली बसतो, ताजा वर येतो. म्हणूनच इथे बाहेर पडणाऱ्या लाव्हाच्या मानाने वायू कितीतरी जास्त असतो. स्फोटाचा वायू वेगळा. तो मोठाल्या फुग्यांनी येतो, आणि त्याच्या रासायनिक घडणीवरून ते फुगे सुमारे तीन किलोमीटर खोलवर जमत असावेत असं दिसतं. त्यात कार्बनचा वाटा जास्त. एखाद्या तासात दोन-तीन जोरकस स्फोट सापडले तर सरासरी तेवढ्यानेच चढते. ती मिनिटं गाळून पाहिली, फरक नगण्य.

कड्यावर पडलेले ताजे तुकडे हातात घेतले की हाच व्यवहार गोठलेला दिसतो : आंबोळीसारखी जाळी. सह्याद्रीच्या बेसॉल्टमधली भोकंही अशाच वायूची. नंतर त्यांत खनिजं भरली, आणि जळगाव-नाशिककडच्या खाणींतून निघणारे स्टिलबाइट-अपोफिलाइटचे स्फटिक अशाच पोकळ्यांत वाढलेले असतात.

गुणोत्तर एकट्याने कधीच पाठवू नये, असं माझं ठाम मत आहे. ते अंशामुळे वाढलं की छेदामुळे, हे त्याच्यावरून कळत नाही. फिलिपीन्समधल्या पिनाटुबो ज्वालामुखीवर १३ मे १९९१ रोजी सल्फर डायऑक्साइड दिवसाला ५०० टन होता, २८ मेपर्यंत ५,००० टनांवर गेला, आणि मग एकदम घसरला. घसरण म्हणजे धोका टळला असं नव्हतं; वायूची वाट बुजत होती, आणि जूनमध्ये तो डोंगर फुटला. म्हणून सल्फरचा एकूण प्रवाहही हवा. तो अतिनील वर्णपटावरून काढतात : लोटाखालून आकाशाचा प्रकाश मोजायचा, ३०० ते ३२० नॅनोमीटरमधलं शोषण पाहायचं, लोटाच्या पूर्ण रुंदीवरची मोजमापं जोडायची आणि वाऱ्याच्या वेगाने गुणायचं. वाऱ्याचा वेग दुप्पट धरला तर प्रवाहही दुप्पट येतो, इतकं ते नाजूक आहे. त्या दुपारी ढग उतरल्याने ते मोजमाप अर्ध्यावर सोडावं लागलं.

तरी अंदाज बांधता येतो. इथला सल्फर डायऑक्साइडचा नेहमीचा प्रवाह दिवसाला साधारण दीडशे ते तीनशे टन. २०० टन धरले, तर कार्बन डायऑक्साइड म्हणजे २०० गुणिले ११ गुणिले ४४/६४ (दोन्ही वायूंच्या रेणुभारांचं गुणोत्तर), साधारण १,५०० टन. गुणोत्तर ८ असतं तर १,१००. प्रवाह स्थिर असेल, तर ही चारशे टनांची वाढ खोलवरून येतेय. तो घटला असेल, तर कदाचित काहीच नवं नाही. अहवालात दोन्ही शक्यता लिहिल्या, साडेबाराआधीच्या सगळ्या नोंदी ओल्या नळीमुळे रद्द धराव्यात असं ठळक लिहिलं, आणि कायमस्वरूपी केंद्राच्या पुढच्या काही दिवसांच्या आकड्यांशी ताडून पाहायला सांगितलं.

खाली आल्यावर सेन्सर प्रमाणित, म्हणजे ठाऊक प्रमाणाच्या वायूवर पुन्हा तपासले. सल्फरचा सेन्सर ४ टक्के कमी दाखवत होता. वापराने त्याची संवेदना मंदावतेच. दुरुस्ती करून अंतिम आकडा १०.६ असा नोंदवला.