पेठांमधली बाजारफेरी: आमची वाटचाल

पुण्याच्या जुन्या पेठांतून पाहुण्यांना पायी खरेदीला न्यायचं, एवढंच आमचं काम. सुरुवातीला येणारे बहुतेक लग्नघरचे असत. हळूहळू तांब्याची भांडी हवी असलेले, आप्पा बळवंत चौकात पुस्तकं धुंडाळणारेही येऊ लागले, आणि कुठून निघायचं, कुठे कधी पोचायचं हे पक्कं होत गेलं. आमच्या धंद्याचं भांडवल हा क्रमच आहे.

फेरी कसबा पेठेतल्या तांबट आळीत सुरू होते, तीही सकाळीच, कारण हातोड्यांचं काम तेव्हा पाहायला मिळतं. तांब्याचा पत्रा ठोकला की कडक होतो, म्हणून घडवताना तो मधूनमधून लाल तापवून नरम करावा लागतो. शेवटी मठारकाम होतं: हातोडीचे जवळजवळ ठोके देऊन पृष्ठभाग खड्ड्याखड्ड्यांचा करतात. त्याने भांडं दिसतं छान, शिवाय मजबूतही होतं. हातमठार ओळखायचा असेल तर भांडं उजेडात तिरकं धरा. हाताचे ठोके ओळीत असतात, पण एकासारखा दुसरा नसतो. साच्यातून आलेली नक्षी तंतोतंत सारखी दिसते. स्वयंपाकाच्या भांड्याला आतून कल्हई हवीच, कारण चिंच, कोकम, ताक तांब्यात कळकतं. पिण्याच्या पाण्याच्या कळशीला मात्र ती लागत नाही. नव्या भांड्यावर चमक टिकवण्यासाठी लाख मारलेली असेल तर ती आधी काढून टाकायला हवी, हे आम्ही प्रत्येकाला आवर्जून सांगतो. भांडी जड, म्हणून कल्हई सांगून ठेवायची, पैसे देऊन पावती घ्यायची आणि मोकळ्या हातांनी पुढे निघायचं.

लक्ष्मी रोडवर दुपारच्या आत पोचायचं. साडीला फॉल-बिडिंग करून हवं असेल तर ती सकाळीच द्यावी लागते. संध्याकाळी घेतलेली साडी त्याच दिवशी तयार होईलच असं नाही. पैठणी घेताना आधी पदर उलटा करून पाहावा. हातमागावरच्या पदराची नक्षी दोन्ही बाजूंनी जवळपास सारखी दिसते. मागे सुटे किंवा कापलेले धागे लोंबत असतील तर ते हातमागाचं विणकाम नव्हे. यंत्रमागाची साडी घेऊ नये असं नाही. हातमागाचा भाव मात्र तिला देऊ नये. सोमवारी इथली काही दुकानं बंद असतात, म्हणून त्या दिवशी आम्ही फेरी ठेवत नाही.

एक ते चार बऱ्याच जुन्या दुकानांची विश्रांती. तेवढ्यात जेवण होतं, आणि विश्रामबागवाड्याची सुरूच्या आकाराच्या खांबांची लाकडी दर्शनी बाजू निवांत पाहता येते. दुसऱ्या बाजीरावांचा हा वाडा १८०७ सालचा.

मग तुळशीबाग. बोळ अरुंद, त्यामुळे आठांहून जास्त माणसं आम्ही नेत नाही. मोठा घोळका एका दुकानासमोर उभा राहिला की त्या दुकानदाराचं नेहमीचं गिऱ्हाईक मागे फिरतं, आणि हे आम्हाला पटत नाही. इथे समई घ्यायची तर तिचे सगळे भाग सोडवून आटे पुन्हा बसवून पाहावेत. आटा आडवा गेला की समई तिरकी होते आणि तेल गळतं. पोळपाट सपाट फरशीवर ठेवून चारी बाजूंनी दाबावा, लाटणं घरंगळवून पाहावं. वाकडं असेल तर ते डुलतं. रस्त्यावरच्या विक्रेत्यांकडे घासाघीस चालते, ठरलेल्या भावाच्या दुकानात ती करू नये.

शेवटी महात्मा फुले मंडई. १८८६ सालच्या या दगडी इमारतीत भाजी-फळं घ्यायची ती सगळ्यात शेवटी, नाहीतर दिवसभर पिशवीत चेपून जातात. इथून पुढचं गणित भुयारी मेट्रोने बदललं. सप्टेंबर २०२४ मध्ये स्वारगेटपर्यंतचा टप्पा सुरू झाला आणि मंडईतून कसबा पेठ एका स्थानकावर आलं. आता सकाळी सांगून ठेवलेली भांडी उचलायला परत जाणं सोपं पडतं, गाडी लावायला जागा शोधण्यात तास जात नाही. आमच्या पाहुण्यांना आम्ही गाडी आणूच नका म्हणतो.

गणपतीच्या दहा दिवसांत फेरी बंद असते. मंडपांमुळे रस्ते अडतात, तुळशीबागेत पाय ठेवायला जागा नसते, आणि दुकानदारांनाही उलटसुलट प्रश्नांना सवड नसते. जुन्या वस्तूंच्या ‘जुन्या बाजारा’ची फेरी वेगळी लागते. तो फक्त बुधवारी आणि रविवारी भरतो.