तुम्ही विचारलंत म्हणून: मेंदूच्या सीटी स्कॅनमध्ये पांढरं दिसतंय म्हणजे हॅमरेजच (रक्तस्रावच) ना?

मी रेडिओलॉजिस्ट आहे म्हटलं की हा प्रश्न येतोच, आणि पेशंट म्हणजे एखाद्या आजी असतील, एकाच बाजूचा हातपाय आपोआप वळवळतोय आणि शुगर पार चारशे-पाचशेच्या घरात, तर मी आधी सांगते की थांबा, हे रक्त नसण्याची शक्यता खूप आहे.

शुगर खूप वाढल्यामुळे होणाऱ्या या त्रासाला डायबेटिक स्ट्रायटोपॅथी म्हणतात. बेडवेल नावाच्या डॉक्टरांनी १९६० साली असा आजार नोंदवला. वयस्कर बायकांमध्ये जास्त दिसतो, कधी कधी तर डायबेटिस आहे हेच यावरून पहिल्यांदा कळतं. झोप लागली की हालचाल थांबते म्हणून घरच्यांना वाटतं आजी मुद्दाम करतायत, फार वाईट वाटतं हे ऐकून.

आता स्कॅनचं. मेंदूत खोलवर पुटामेन आणि कॉडेट असतात, हालचालींवर ताबा ठेवणारे. डावा हात हलत असेल तर बहुतेक उजवीकडचे हे भाग सीटीत जरा पांढरट दिसतात आणि एमआरआयच्या टी१ नावाच्या प्रकारच्या चित्रांत लख्ख पांढरे. ते पांढरं त्या भागाच्या हद्दीतच राहतं, रांगोळीच्या ठशातून रंग भरावा तसं, आणि दोघांच्या मधून जाणारी इंटर्नल कॅप्सूल (मज्जातंतूंचा जुडगा) तशीच कोरी सुटलेली असते. मोठा रक्तस्राव असा हद्द पाळत नाही, शेजारच्या भागाला ढकलतो, भोवती सूज येते, इथे तसलं काही नसतं. पांढरं नेमकं कशामुळे यावर अजून एकमत नाही, कुणी बारीक रक्तस्राव म्हणतं, कुणी सुजलेल्या अ‍ॅस्ट्रोसाइट पेशी (मेंदूतल्या आधार देणाऱ्या पेशी), कुणी साठलेला मँगनीज धातू.

म्हणून सीटीच्या फॉर्मवर नुसतं "हात हलतोय, ब्लीड?" एवढंच लिहून आलं की मी फोन करून शुगर विचारते, तो एक आकडा कळला की फिल्म वाचायची नजरच बदलते.

इन्सुलिनने शुगर आटोक्यात आली की बऱ्याच जणांचं काही दिवसांत, नाहीतर काही आठवड्यांत थांबतं, नाही थांबलं तर हालचाल कमी करणारी हॅलोपेरिडॉल किंवा टेट्राबेनाझिन ही औषधं देतात. आणि लगेच पुन्हा एमआरआय करायची घाई नको, हात शांत झाला तरी टी१ वरचं पांढरं जायला कित्येक महिने लागू शकतात.