गल्लीत दुसरा गिअर

एकतीस वर्षं एसटीचं स्टिअरिंग धरलं. आधी सांगली-रत्नागिरी, मग मुंबईची रातराणी, शेवटची काही वर्षं विटा आणि जतच्या फेऱ्या. विनाअपघात सेवेचा बिल्ला अजून कपाटात आहे. त्यामुळे वेगाबद्दल इथं जे लिहितोय ते ऐकीव नाही.

सांगलीच्या विश्रामबागेतली आमची गल्ली तीस फुटी. दिवाळीच्या आधी तिच्यावर डांबर पडलं. त्याआधी सात-आठ वर्षं नुसते खड्डे होते आणि आम्ही सगळे त्यांच्या नावानं बोटं मोडत होतो. पण खड्डे होते तोवर इथून कुणी वीसच्या वर गाडी नेत नव्हतं, हे कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. रस्ता गुळगुळीत झाला आणि पंधरा दिवसांत शंभर फुटी रस्त्याची गर्दी चुकवणारे आमच्या दारातून जायला लागले. संध्याकाळी क्लास सुटले की मोपेडवर तिघं-तिघं बसून पोरं बुंगाट येतात. म्हातारी माणसं देवळात जायची ती भिंतीला घासून चालायला लागली.

जानेवारीतली गोष्ट. समोरच्या घरातलं पाच वर्षांचं पोरगं बॉलच्या मागं गेटातून बाहेर आलं आणि त्याच वेळी एक चारचाकी आली. ब्रेक किंचाळले. गाडी थांबली तेव्हा बंपर आणि पोरगं यांच्यात दोन वीत अंतर होतं. बॉल पुढच्या चाकाखाली फुटला. तो आवाज ऐकून त्याची आई पिठाचे हात घेऊन तशीच धावत आली. त्या आवाजाचा तिनं काय अर्थ लावला असेल, ते आठवलं की मला आजही सोसत नाही.

गाडीवाला तिशीचा मुलगा, थरथर कापत होता. दारू प्यालेला नव्हता, मोबाईलवरही नव्हता. मी टायरच्या खुणा पावलांनी मोजल्या, तेरा पावलं भरली. म्हणजे चाळीसच्या आसपास असणार. समोर दिसलं आणि पाय ब्रेकवर गेला, एवढ्यात सावध ड्रायव्हरचाही एक सेकंद जातो. ४० च्या वेगात त्या सेकंदात गाडी ११ मीटर पुढं गेलेली असते, ब्रेक लागायच्या आधीच. मग थांबायला आणखी आठ-दहा मीटर. २० च्या वेगात हे सगळं मिळून आठेक मीटरमध्ये संपतं. हायवेवर ४० म्हणजे गाडी रांगतीय असं वाटतं. दारात पोरं खेळत असताना ४० फार झाले.

त्याच रविवारी रात्री गल्लीनं मिळून ब्रेकर घातला. दोन पोती सिमेंट, कुणाच्या तरी बांधकामावरची उरलेली खडी. परवानगीशिवाय रस्त्यावर असलं काही बांधायचा आपल्याला अधिकार नाही, हे मला ठाऊक होतं. तरी घमेली मीही उचलली. उंची सात इंच, रुंदी दीड फूट. ना पट्टा, ना फलक.

चौथ्या दिवशी रात्री आठच्या सुमाराला एक जोडपं मिरजेला निघालं होतं, दवाखान्यात सासऱ्यांचा डबा घेऊन. मिरजेला डबे नेणारी माणसं आपल्याकडं रोजच दिसतात. मोटारसायकल फार जोरात नव्हती. बाई मागं एका बाजूला पाय सोडून बसलेली, मांडीवर तीन कप्प्यांचा डबा. अंधारात ब्रेकर दिसलाच नाही. गाडी उडाली आणि ती हातावर पडली. भात आणि मुगाची आमटी नव्या डांबरावर पसरली होती. तिचं मनगट वाकडं झालेलं मला दिसत होतं, आणि ती एवढंच म्हणत होती, "अण्णांचं जेवण राहिलं ओ." माझ्या बायकोनं घरात होतं ते भरून दिलं. रिक्षा करून मी दोघांना मिरजेला नेलं. मनगट मोडलं होतं. सहा आठवडे प्लास्टर.

सकाळी सहाला पहार घेऊन तो ब्रेकर मीच फोडला. काही जण नाराज झाले, पण आडवं कुणी आलं नाही.

पुतण्या रस्त्याच्या कामांवर इंजिनिअर आहे. त्यानं सांगितलं, "काका, इंडियन रोड्स काँग्रेसचे, म्हणजे रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या संस्थेचे, याचे नियम १९८८ पासून आहेत." गोल पाठीचा ब्रेकर रस्त्याच्या दिशेनं ३.७ मीटर लांब, मधोमध फक्त १० सेंटिमीटर उंच, १७ मीटर त्रिज्येची गोलाई. २५ च्या वेगानं गेलं तर दणका बसत नाही, त्याच्या वर गेलं की बसतो. आधी ४० मीटरवर फलक, वर काळे-पांढरे पट्टे. आम्ही बांधली होती ती आडवी भिंत होती. तसा ब्रेकर सावकाश जाणाऱ्यालाही फेकतो, आणि दणकट चारचाकीवाल्याला त्याचं काहीच वाटत नाही.

नियमाप्रमाणं ब्रेकर व्हावा म्हणून अर्ज दिला, घरटी सही घेऊन. तोवर दुसरा एक उपाय केला, तो मला बाजाराच्या दिवसांनी शिकवलेला. जतकडच्या गावांतून बाजारादिवशी एसटी काढताना "हळू चालवा" असं कुणी सांगायला लागत नसे. इकडं हातगाडी, तिकडं बैलगाडी, रस्ता सरळ दिसतच नसे, मग पाय आपोआप उचलला जाई. लांबवर मोकळं दिसलं की तोच पाय दाबतो. आमच्या सगळ्या गाड्या एकाच बाजूला ओळीनं लागायच्या, त्यामुळे गल्ली या टोकापासून त्या टोकापर्यंत मोकळी दिसायची. आता अर्ध्या गल्लीत डावीकडं लावतो, अर्ध्या गल्लीत उजवीकडं. अँब्युलन्स आरामात जाईल एवढी वाट ठेवलीय. मध्ये वळण पडल्यानं गाड्या खरंच हळू झाल्यात, अनोळखी माणसाच्यासुद्धा.

मोपेडवाल्या पोरांचं मात्र अजून जमलेलं नाही. एका घरी जाऊन बोललो. पोरगा पंधरा वर्षांचा. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, क्लासला कसं पाठवायचं मग?" त्यांची अडचण खोटी नाही. पण २०१९ च्या दुरुस्तीनंतर कायदा स्पष्ट आहे. अल्पवयीन पोरानं गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा गाडीमालक दोषी, तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार दंड. गाडीची नोंदणी वर्षभर रद्द, आणि पोराला पंचविशीपर्यंत लायसन्स नाही. हे सांगितल्यावर त्या गप्प बसल्या. मी त्यांना दंडाची भीती घालायला गेलो नव्हतो. त्या रात्रीचं मनगट माझ्या डोळ्यांपुढून हलत नव्हतं. पोराची सायकल अजून जिन्याखालीच आहे, चाकांत हवा नाही. रविवारी पंप घेऊन जाणार आहे.

शंभर फुटीला गर्दी असेल तर आमच्या गल्लीतून जरूर जा, रस्ता तुमचाही आहे. फक्त दुसऱ्या गिअरमध्ये जा. आंबा घाट आम्ही ब्रेकवर कधीच उतरवला नाही, गिअरवरच उतरवला. इथंही तेच करा.

गेल्या आठवड्यात माणसं येऊन खडूनं दोन रेघा मारून गेली. ती गेल्यावर मी टेप लावून पाहिलं, मधलं अंतर बरोबर ३.७ मीटर भरलं. काम पावसाळा उलटल्यावर होईल म्हणाले. गाड्यांच्या चाकांनी रेघा पुसट होतात, म्हणून सकाळी अंगण झाडून झालं की मी त्यांच्यावरून परत खडू फिरवतो.