सगळ्यात मोठा बास्केटबॉलपटू कोण, हे ठरवायचं तरी कसं?

परवा रात्री पुन्हा तोच वाद झाला. मित्र म्हणाला मायकल जॉर्डन, मी म्हटलं लेब्रॉन जेम्स का नाही, त्यावर तो म्हणाला एनबीएची (अमेरिकेतली व्यावसायिक लीग) विजेतेपदं सहा विरुद्ध चार, विषय संपला. मला दरवेळी इथेच राग येतो. जॉर्डनचा नाही हां, जॉर्डनला बघूनच तर मी ह्या खेळाच्या प्रेमात पडलो, राग येतो तो त्या "विषय संपला"चा. सहा आणि चार एवढ्यावरच विषय संपत असेल तर बिल रसेलची 11 विजेतेपदं आहेत, मग त्याचं नाव कोणी पहिलं का घेत नाही? आणि नुसती विजेतेपदंच मोजायची तर रॉबर्ट हॉरीकडे 7 आहेत, म्हणजे जॉर्डनपेक्षा एक जास्त, आणि हॉरी आयुष्यात एकदाही ऑल-स्टार, म्हणजे त्या वर्षीच्या निवडक खेळाडूंपैकी एक, झाला नाही. तेव्हा खरं बघायला गेलं तर रिंग, म्हणजे विजेतेपदं, कोणीच मोजत नाही. आपण नाव आधी ठरवतो आणि मग त्या नावाला शोभेल अशी मोजपट्टी शोधून आणतो. मीही वर्षानुवर्षं हेच केलं.

म्हणून ह्यावेळी उलटं करून बघितलं, आधी मोजपट्टी ठरवली आणि मग नावं लावली, आणि उत्तर असं आलं की मी स्वतःच दोन दिवस अस्वस्थ होतो.

आधी आकड्यांचं बोलू. आकडेच बघायचे म्हटलं तर विल्ट चेंबरलेनपुढे कोणी उभं राहू शकत नाही. 1961-62 च्या सीझनमध्ये त्याची सरासरी मॅचमागे 50.4 पॉइंट्स होती, 2 मार्च 1962 ला हर्शीमध्ये त्याने एकट्याने 100 केले, आणि पूर्ण सीझनभर तो मॅचमागे 48 मिनिटांपेक्षा जास्त खेळला, म्हणजे ओव्हरटाइम धरून तो जवळजवळ बाहेर बसलाच नाही. पण त्या काळात एकेक टीम मॅचमध्ये 100 च्या वर शॉट मारायची, अर्ध्याहून जास्त चुकायचे, त्यामुळे पॉइंट्स आणि रिबाउंड्सचा (चुकलेल्या शॉटचा बॉल पकडला की रिबाउंड) नुसता पाऊस पडायचा. शिवाय थ्री-पॉइंट लाइन (जिच्या बाहेरून टाकलं की दोनऐवजी तीन पॉइंट्स) एनबीएमध्ये आली 1979-80 ला, आणि ब्लॉक (समोरच्याचा शॉट अडवणं) आणि स्टील (बॉल हिसकावणं) अधिकृतपणे मोजायला लागले 1973-74 पासून. म्हणजे त्याआधी कोणी मॅचमध्ये दहा शॉट अडवले असतील तर ते स्कोअरशीटवर नाहीतच! मग वेगवेगळ्या काळातले आकडे शेजारी शेजारी ठेवून कोण मोठा हे कसं ठरवणार? एकाची उंची मोजायची, दुसऱ्याचं वजन, आणि विचारायचं कोण जास्त, असला प्रकार आहे.

"आजच्या काळात तो टिकला असता का" हा वाद तर मी आता पूर्ण सोडून दिलाय. साठच्या दशकातला माणूस उचलून आजच्या कोर्टवर आणायचा असेल तर त्याला आजचे डॉक्टर, आजचे शूज, आजचा ट्रेनर, लहानपणापासूनचं कोचिंग सगळं द्या ना, नाहीतर आजच्या माणसाला तिकडे पाठवा आणि बघा त्याचे गुडघे किती सीझन टिकतात. आणि नियमसुद्धा सारखे बदलत असतात. झोन डिफेन्स (माणसाऐवजी जागा राखून अडवणं) 2001 पासून चालायला लागला, 2004-05 पासून हात लावून अडवण्यावर कडक बंधनं आली, 1994 ते 1997 मधली तीन सीझन थ्री-पॉइंट लाइनच जवळ आणली होती. प्रत्येक जण आपापल्या नियमांत खेळला, त्याला त्याच्या काळातल्या लोकांशीच ताडून बघायचं, मला तरी दुसरा न्याय्य मार्ग दिसत नाही.

आता फायनलचं बघा, म्हणजे चार मॅच आधी जिंकायच्या शेवटच्या सिरीजचं. जॉर्डन फायनलमध्ये 6-0, लेब्रॉन 4-6, हे वाक्य तोंडपाठ असतं सगळ्यांना. पण जॉर्डन पहिल्या तीन सीझनला प्लेऑफच्या (सीझननंतरच्या बाद फेऱ्यांच्या) पहिल्याच राउंडमध्ये बाहेर गेला, नंतर 1988, 89, 90 अशी तीन वर्षं ओळीने डेट्रॉइट पिस्टन्सने त्याला घरी पाठवलं, ते कुठे गेलं? फायनलला पोचून हरलं की कलंक, आणि आधीच हरलं की पाटी कोरी, हा कुठला हिशोब! लेब्रॉन 2011 ते 2018 आठ वर्षं सलग फायनलला होता, दोन वेगवेगळ्या टीम घेऊन, एकूण 10 फायनल खेळला. त्यातली 2011 ची डॅलसविरुद्धची मी त्याला माफ करत नाही, सरासरी 17.8 आणि चौथ्या क्वार्टरमध्ये तर तो दिसायचाच नाही, तो डाग खराच आहे. पण 2018 च्या पहिल्या मॅचमध्ये 51 पॉइंट्स करून ओव्हरटाइममध्ये हरला, त्याला मी त्याच पारड्यात टाकणार नाही. आणि नशीब किती असतं बघा. 2013 च्या सहाव्या मॅचमध्ये शेवटच्या क्षणी लेब्रॉनचा थ्री चुकला, त्याच्याच टीममधल्या बॉशने रिबाउंड घेतला, कोपऱ्यात सरकलेल्या रे ॲलनला दिला आणि त्याने टाकला. तो बॉल रिंगला लागून बाहेर आला असता तर लेब्रॉनचं एक विजेतेपद गेलं असतं, आणि लेब्रॉन स्वतः मात्र तेवढाच चांगला किंवा वाईट खेळाडू राहिला असता. विजेतेपद टीमचं असतं हो. मी हे लिहितोय आणि मलाच वाटतंय की इतकी साधी गोष्ट सांगावी का लागते.

तर माझी मोजपट्टी अशी. एक प्रश्न विचारायचा: किती वर्षं असं होतं की कोणाला ट्रॉफी हवी असेल तर आधी ह्या माणसाला पाडावं लागेल? जिंकला का हरला हे दुसरं. समोरचे सगळे कोच, सगळ्या टीम, उन्हाळाभर बसून ज्याच्यावर तोड शोधतात तो माणूस, आणि असा तो किती वर्षं राहिला. ह्यात उंची पण येते आणि लांबी पण.

जॉर्डनला लावून बघा, तो चमकतोच. पिस्टन्सला तर त्याच्यासाठी वेगळे डावपेच करावे लागले, "जॉर्डन रूल्स" असं नावच पडलं त्याला, म्हणजे तो बॉल घेऊन कुठून आला तर कोणी कधी धावून जायचं, कुठे ढकलायचं हे सगळं ठरलेलं. 1988 ला एकाच सीझनमध्ये एमव्हीपी (सीझनचा सर्वात मौल्यवान खेळाडू) पण आणि सर्वोत्तम डिफेन्डर पण. आणि सहा विजेतेपदांच्या त्या सहा सीझनमध्ये प्लेऑफच्या 24 पैकी 24 सिरीज जिंकल्या. ह्यापेक्षा उंच शिखर मी पाहिलेलं नाही. मधे तो दीड-एक वर्ष खेळातून बाहेर होता, तेवढी लांबी कमी होते, बस. करीम अब्दुल-जब्बारचं उलट, 1971 ला फायनल्स एमव्हीपी आणि 1985 ला वयाच्या 38 व्या वर्षी पुन्हा फायनल्स एमव्हीपी, मधे 14 वर्षं, आणि एकूण 6 सीझनचे एमव्हीपी, जे अजून कोणाकडे नाहीत. कॉलेजात मुख्य टीमकडून त्याचा पहिलाच सीझन संपला आणि 1967 ला कॉलेज बास्केटबॉलमध्ये डंकच (बॉल वरून बास्केटमध्ये कोंबणं) बंद करून टाकला, मग त्याने स्कायहूक (डोक्यावरून एका हाताने टाकायचा शॉट) असा घोटला की पुढची वीस वर्षं त्यावर कोणाला उत्तर सापडलं नाही. पण 1976 ला तो एमव्हीपी असून त्याची टीम प्लेऑफलाच गेली नाही, म्हणजे त्या वर्षी ट्रॉफीचा रस्ता त्याच्यावरून जात नव्हता, हे माझ्या मोजपट्टीत मान्य करावंच लागतं, जरी त्यात त्याची चूक कमीच होती. लेब्रॉन ह्या हिशोबात 2007 पासून 2020 पर्यंत, एखाद-दोन वर्षं वगळता. केवढा मोठा काळ आहे हा.

आणि मग रसेल.

मी त्याला कधी मनापासून धरलाच नव्हता. सरासरी 15 पॉइंट्सचा माणूस, फ्री थ्रो पण यथातथाच, आठ टीमची लीग, असं म्हणून पुढे जायचो. आता नीट बघा. तो यायच्या आधी त्याची टीम, बॉस्टन सेल्टिक्स, एकदाही फायनलला गेले नव्हते. 1956 ला त्याने कॉलेजचं सलग दुसरं विजेतेपद घेतलं, मेलबर्नला ऑलिम्पिक गोल्ड घेतलं, डिसेंबरात बॉस्टनला आला, आणि त्याच सीझनला सेल्टिक्स चॅम्पियन. 13 सीझन खेळला, 12 वेळा फायनलला, 11 वेळा जिंकला. जी एक फायनल हरला, 1958 ची, त्यात त्याचा घोटा दुखावला होता. फायनल हुकली ती फक्त 1967 ला, विल्टच्या टीमने हरवलं म्हणून, आणि पुढच्याच वर्षी त्याच टीमविरुद्ध 1-3 ने मागे असताना त्याने सिरीज फिरवली, तेव्हा तो खेळाडूही होता आणि कोचही.

मित्र म्हणतो, अरे त्याच्याभोवती सगळे हॉल ऑफ फेमवाले (खेळातल्या महान लोकांच्या यादीतले) होते. होते ना. पण त्याच टीममधला शर्मन 1961 ला गेला, कूझी 1963 ला गेला, हाइनसोन 1965 ला, आणि सेल्टिक्स जिंकतच राहिले. मग 1969 ला रसेल निवृत्त झाला आणि पुढच्या सीझनला टीम 48 विजय-34 पराभवांवरून 34-48 वर आली, प्लेऑफला पण नाही. त्याच वेळी सॅम जोन्सही गेला हे खरं, कोचही बदलला, पण जॉर्डन 1993 ला गेला तेव्हा त्याची टीम बुल्स 57 वरून 55 विजयांवर आले होते, हेही शेजारी ठेवून बघा. मी जॉर्डनला लहान करण्यासाठी नाही सांगत, त्याचा सहकारी पिपेन आणि कोच फिल जॅक्सन किती मोठे होते हेही त्यातून दिसतं. पण रसेल म्हणजे नुसता चांगल्या टीममधला नशीबवान माणूस हे ह्यानंतर म्हणता येत नाही.

आणि मला सगळ्यात जास्त पटलेली गोष्ट वेगळीच आहे. 1961-62, तोच सीझन, विल्टचे 50.4, ऑस्कर रॉबर्टसनची पूर्ण सीझनची ट्रिपल-डबल (पॉइंट्स, रिबाउंड आणि पास देऊन झालेले असिस्ट, तिन्हीत दहाच्या वर) सरासरी, आणि एमव्हीपी कोण? रसेल. तेव्हा एमव्हीपी खेळाडूंच्या मतांवर ठरायचा. पत्रकारांनी त्याच वर्षी ऑल-एनबीए (वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या टीम) निवडली त्यात विल्ट पहिल्या टीममध्ये आणि रसेल दुसऱ्या! म्हणजे बाहेरून बघणाऱ्यांना 50 पॉइंट्स दिसले, आणि जे रोज त्याच्यासमोर बॉल घेऊन जायचे, ज्यांचा शॉट हवेत असतानाच तो लांबलचक हात यायचा, त्यांना माहीत होतं की कोणाला पाडायचंय. रसेल बॉल प्रेक्षकांत भिरकावून द्यायचा नाही, हलकेच टॅप करून आपल्याच माणसाकडे ढकलायचा, की तिकडून लगेच फास्ट ब्रेक, समोरचे सावरायच्या आत हल्ला. एक ब्लॉक म्हणजे त्यांचे दोन गेले आणि आपले दोन आले. आणि ह्यातलं काहीही मोजलेलं नाही, एकही ब्लॉक नाही.

लीग लहान होती, हा आक्षेप मला मान्य आहे. थोडी सूट द्या, दोन-तीन वर्षं कापा. तरी तो माझ्या यादीत सगळ्यात वर येतो, आणि लेब्रॉन दुसरा, जॉर्डन तिसरा, आणि हे टाइप करताना बोटं जड झाली हे खरंच सांगतो. (आणि हो, हे सगळं एनबीएपुरतं. अमेरिकेच्या महिला टीमच्या डायना टोरासीकडे सलग 6 ऑलिम्पिक गोल्ड आहेत, 2004 ते 2024, आणि "सगळ्यात मोठा कोण" म्हणताना आपल्याला ती आठवतच नाही, ह्यावर वेगळं लिहायचंय मला.)

मित्राला हे सांगितलं तर म्हणाला, ठीक आहे, मग त्याची एक मॅच सांग, एकच, जी बघून मला पटेल. मी त्याला 5 मे 1969 सांगितली. फायनलची सातवी मॅच, लॉस एंजेलिसमध्ये, सेल्टिक्स त्या सीझनला आपल्या डिव्हिजनमध्ये चौथे, समोर विल्ट, बेलर आणि वेस्ट एकाच टीममध्ये. त्या टीमच्या, लेकर्सच्या, मालकाने जिंकल्यावर सोडायला छताला फुगे लावून ठेवले होते. जेरी वेस्टने 42 पॉइंट्सची ट्रिपल-डबल केली, आणि त्याच वर्षी सुरू झालेला फायनल्स एमव्हीपीचा पुरस्कार हरलेल्या टीमच्या वेस्टला मिळाला. 35 वर्षांच्या रसेलची ती शेवटची मॅच, त्याचे पॉइंट्स 6, रिबाउंड 21.

बॉस्टन 108, लॉस एंजेलिस 106. फुगे वरच राहिले.