तेराची पाऊणपट

दुपारी दीडला मोबाइलवर इशारा आला, तेव्हा खाडीकाठच्या वाडीत लख्ख ऊन पडलं होतं. जिल्ह्याला रेड अलर्ट, घाट भागात अत्यंत मुसळधार पावसाची शक्यता. मी तिथला तलाठी. पोलीस पाटील आणि कोतवालाला सोबत घेऊन घरोघर निघालो.

पहिल्याच पडवीत ऐकून घ्यावं लागलं. "भाऊसाहेब, पंधरा दिवसांपूर्वीपण रेड होता. शाळेत नेऊन बसवलंत आणि थेंब पडला नाही." खरंच होतं ते. अख्ख्या जिल्ह्याला एक रंग मिळतो. पाऊस मात्र त्याला हवा तिथे कोसळतो. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पडला आणि त्याच मुंबईत कुलाब्याला ७५ मिलिमीटरसुद्धा नाही. पण हे उदाहरण देऊन कोण घर सोडतो?

मुसळधार, अति मुसळधार आणि अत्यंत मुसळधार हे तीन शब्द ऐकणाऱ्याला एकच वाटतात. हवामान विभागाच्या हिशेबात पहिला ६४.५ मिलिमीटरला सुरू होतो, दुसरा ११५.६ला आणि तिसरा २०४.५ला. मी गुंठ्याची भाषा वापरली. २०० मिलिमीटर म्हणजे एका गुंठ्यावर सुमारे २० हजार लिटर पाणी, दहा हजारी टँकर असतील तर दोन. आणि घाटात असे गुंठे किती! माना डोलल्या, पण कोणी उठलं नाही.

वाडीच्या टोकाला तात्या राहतात. उभं आयुष्य होडी वल्हवण्यात गेलेलं, आता दिसतं कमी. त्यांनी मला बसवलं आणि विचारलं, "उद्या तिथी कुठची?"

मोबाइलवर बघून सांगितलं, त्रयोदशी.

"तेराची पाऊणपट किती?"

पावणेदहा. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हा हिशेब खाडीकाठच्या पोरालाही येतो. मलाही येत होता. पण इशाऱ्याच्या कागदाशेजारी मी तो कधी मांडला नव्हता. तात्या म्हणाले, "पुनव दोन दिवसांवर, म्हणजे उधाणाची भरती. तुमचा पाऊस मध्यरात्री लागला तर घाटाचं पाणी सकाळीच खाडीत उतरणार. समुद्र वर चढत असताना ते जाईल कुठे?"

सह्याद्री आणि समुद्र यांत इथे ५०-६० किलोमीटरच अंतर. नद्या आखूड, उतार तीव्र. घाटातला पाऊस काही तासांत दारात येतो. पावणेदहाला खाडीचं तोंड भरलेलं असणार, म्हणजे आठपासूनच पाणी तुंबत जाणार. मग मी लोकांना रंग सांगणं सोडलं. "पहाटे पाचच्या आत वर जायचं" एवढंच सांगू लागलो, आणि वेळेचं कारण तात्यांच्या तोंडून. त्या वाक्याने तीन घरं उठली.

बाकीची का उठत नव्हती, हे संध्याकाळी कळलं. हट्ट नव्हता, अडचण गुरांची होती. शाळेत माणसांची सोय होते. दुभती म्हैस न्यायची कुठे? एक आजी म्हणाल्या, "मी वर गेले नि ती दाव्याला बांधलेली राहिली तर?" हा प्रश्न आमच्या एकाही रकान्यात नव्हता. सरपंचांनी वरच्या आळीतले दोन रिकामे मांगर उघडून घेतले. आधी गुरं चढली, मागोमाग माणसं. अंधार पडता पडता जवळपास सगळी वाडी वर होती.

एकच घर राहिलं. त्या काकांनी भिंतीवरची रेघ दाखवली. "२००५चं पाणी इथवर. त्याच्या वर येत नाही." कोणत्याही इशाऱ्यापेक्षा त्यांचा त्या रेघेवर विश्वास होता. मी वाद घातला नाही. बैलांची दावी मात्र सोडायला लावली.

पाऊस साडेअकराला लागला. वाडीत तो भयंकर नव्हताच. सकाळी साडेआठला आमच्या मंडळाची नोंद आली ती १०० मिलिमीटरच्या आतली. नुसती तीच पाहिली असती तर मी निर्धास्त झालो असतो. पण सातलाच खाडीचं पाणी लाल झालं होतं. ओंडके, पेंढा, कुणाच्या तरी कौलांचा वासा वाहत येत होता. आठनंतर प्रवाह जणू थांबला आणि पाणी आडवं पसरत वाडीत शिरलं. आवाज नाही, खळखळ नाही. मला त्या शांततेचीच भीती वाटली.

नऊच्या सुमाराला काका माळ्यावरून हाका मारत होते. दोघा तरुणांनी कमरेला दोर बांधून होडी नेली आणि त्यांना कौलं काढून बाहेर घेतलं. रेघ केव्हाच पाण्याखाली गेली होती. बैल आदल्या रात्रीच आपल्या पायांनी चढावर आले होते.

ओहोटी लागली तसं दुपारी पाणी ओसरू लागलं. माणूस एकही गेला नाही. पण नुकती लावणी झालेली खाचरं गाळाखाली गेली, आणि तांदळाच्या कणग्या वर न्यायला मी कोणालाच सांगितलं नव्हतं. पंचनामे लिहिताना भिजलेलं भात हातात घ्यावं लागलं, तेव्हा ते फार लागलं.

आता इशारा आला की वाडीच्या ग्रुपवर तो टाकताना मी खाली भरतीची वेळ लिहितो. त्याआधी तात्यांना फोन करतो. ते दर वेळी हिशेब मलाच करायला लावतात.