सोळा इंची तबकडीवरचा सिनात्रा

नेहमीची लाँगप्ले रेकॉर्ड १२ इंची. तिच्याशेजारी रेडिओची १६ इंची तबकडी म्हणजे पुरणपोळीशेजारी मांडा. घरच्या प्लेअरवर ती मावत नाही. टोनआर्मचा खुंटाच तिच्या वाटेत येतो. अमेरिकन गायक फ्रँक सिनात्राचा ऐन पंचविशी-तिशीतला आवाज ऐकायचा, तर गाठ पडते ती याच ताटाएवढ्या चकतीशी.

त्याला कारण आहे एक संप. अमेरिकेतल्या वादकांच्या संघटनेने १ ऑगस्ट १९४२ पासून रेकॉर्ड कंपन्यांसाठी वाजवणं बंद केलं. सप्टेंबरात सिनात्रा टॉमी डॉर्सीच्या वाद्यवृंदातून बाहेर पडला, १९४३ मध्ये कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीकडे गेला, आणि तिथे स्टुडिओत वादकच नाहीत! पहिली गाणी नुसत्या गायकवृंदाच्या साथीवर भागवावी लागली. कोलंबियाचा समेट झाला नोव्हेंबर १९४४ मध्ये. रेडिओवर थेट वाजवायला मात्र बंदी नव्हती. त्यामुळे त्या सव्वादोन वर्षांतला भरल्या वाद्यवृंदापुढचा सिनात्रा सापडतो तो रेडिओच्या तबकड्यांवर आणि सैनिकांसाठी काढलेल्या व्ही-डिस्कवर.

ही तबकडी म्हणजे अॅल्युमिनियमचा पत्रा आणि वर नायट्रोसेल्युलोज लॅकरचा थर. युद्धात अॅल्युमिनियम विमानांकडे गेलं, तेव्हा पत्र्याऐवजी काच आली. ती हातातून निसटली की गाणं संपलं. कार्यक्रम चालू असताना कापणारी सुई लॅकरमधून खाच काढत जाते आणि खोबरं किसल्यासारखा त्याचा बारीक तंतू निघत राहतो. तो ब्रशने मध्याकडे सारायचा किंवा नळीने ओढून घ्यायचा. सुईखाली गुंतला तर तेवढी खाच गेली. गायक केव्हाच पुढच्या अंतऱ्यावर पोचलेला असतो, त्याला पुन्हा गा म्हणायची सोय नाही. शिवाय हा तंतू भुरकन पेट घेतो, त्यामुळे तिथे सिगारेट ओढायची नाही. कार्यक्रमाचा प्रायोजक सिगारेटवाला असला तरी!

मिनिटाला ३३⅓ फेरे, एका बाजूला साधारण १५ मिनिटं. फेरे तेवढेच, पण कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे २७ इंच खाच सरकते आणि आत जाता जाता ती १४ इंचांवर येते. तेवढ्याच जागेत दुप्पट स्वर कोंबायचे म्हटल्यावर आधी बळी जातात ते वरचे स्वर: झांजांची किणकिण, ‘स’चा सळसळाट. म्हणूनच सुरुवातीचं गाणं लख्ख येतं आणि बाजू संपतानाचं गोधडीतून गायल्यासारखं वाटतं. लोक म्हणतात आवाज थकला; थकलेली असते ती खाच. यावर तोडगा म्हणून त्याच कार्यक्रमाची पुढची तबकडी आतून बाहेर कापत, म्हणजे सांध्यावर दोन्हीकडचा आवाज सारखाच मंद लागतो. हे माहीत नसलेला माणूस सुई कडेला ठेवतो आणि ती बाहेरच घसरते.

वाजवताना सुई २ ते २.५ मिलची (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) हवी. लाँगप्लेची १ मिलची सुई खाचेच्या तळाशी जाऊन खरखर गोळा करते. लॅकरवर जुनेपणी पांढरी, मेणचट साय धरते. ती त्यातल्याच तेलाची. डिस्टिल्ड पाणी, सौम्य साबणाचे दोन थेंब, मऊ ब्रश खाचेच्याच दिशेने, एवढंच करावं. अल्कोहोल अजिबात नको, लॅकर विरघळू लागतं. थर तडकून पापुद्रे सुटायला लागले असतील, तर धुण्याच्याही भानगडीत पडू नये.

मग पट्टीचा प्रश्न. कापणाऱ्या यंत्राचा वेग जरा इकडेतिकडे असला की सिनात्रा एकदम पोक्त किंवा पोरगेला वाटू लागतो. अमेरिकेतली वीज सेकंदाला ६० सायकलची. तिची गुणगुण बहुतेक वेळा मुद्रणात उतरलेली असते. ती ५८ वर ऐकू आली, तर तबकडी हळू फिरतेय आणि स्वर पाव सुराहून जरा जास्तच उतरलाय. वेग वाढवायचा. फक्त ही गुणगुण आपल्याच अॅम्प्लिफायरची नाही ना, हे आधी तपासावं. ऐकणाऱ्याकडची वीजही ६० चीच असेल, तर वेग कितीही बदलला तरी ती ६० वरच राहते आणि खुशाल फसवते.

संग्राहकांच्या यादीत एकाच तारखेचं एकच गाणं दोनदा दिसलं, तर ती चूकच असते असं नाही. पश्चिम किनाऱ्याचं घड्याळ तीन तास मागे, म्हणून काही कार्यक्रम तिकडच्यासाठी त्याच रात्री पुन्हा सादर होत. लष्करी रेडिओच्या तबकड्या हा आणखी तिसराच प्रकार. त्यांत जाहिराती छाटलेल्या असतात. ‘युअर हिट परेड’ या रेडिओ कार्यक्रमाच्या अशा प्रतीत लकी स्ट्राइक सिगारेटच्या जाहिरातीतला तंबाखू लिलाववाला गायब, आणि जिथे तो बडबडायचा तिथे सांध्याचा एक बारीक ‘टक्’. प्रतीवरून काढलेली प्रत असल्याने खरखरही दुहेरी.

हे सगळं निस्तरलं की मग ऐकायचा तो श्वास. रिबन मायक्रोफोन पुढून आणि मागून सारखंच ऐकतो, बाजूंनी बहिरा. जवळ गेलं की खर्ज फुगतो, ‘प’ उच्चारला की आतली रिबनची पट्टी फडफडते. म्हणून गाणारा तोंड किंचित वळवतो. एखाद्या ओळीच्या शेवटी आवाज जरासा कडेला सरकतो, मागून व्हायोलिनं आत येतात, आणि टाळ्या सुरू होतात न होतात तोच बाजू संपते.