लॉन: कार्पेट की डिबलिंग?
आज उरुळी कांचनच्या नर्सऱ्या पालथ्या घातल्या, आईबाबांच्या अंगणात लॉन करायचंय ना. कार्पेट, म्हणजे तयार गवताचे पट्टे, अंथरले की त्याच दिवशी हिरवंगार, पण खर्च बराच आणि खालची माती नीट तयार नसेल तर मुळं धरतच नाहीत. बी स्वस्त, पण एका जोरदार पावसात वाहून जातं. म्हणून डिबलिंगच ठरवलं, म्हणजे सिलेक्शन वन जातीच्या गवताच्या काड्या 3-4 इंचांवर टोचायच्या, पावसाळ्यात दोन-अडीच महिन्यांत भरून येतं, बाबांना त्यावर अनवाणी चालायचंय, पण तेवढं थांबायला ते तयार आहेत. त्याआधी लव्हाळ्याच्या (हे एक चिवट तण) जमिनीतल्या गाठी मात्र एकूण एक खणून काढायच्या, मला तर हेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, नंतर तो हटत नाही हो! कुणाकडे चांगलं कुजलेलं शेणखत असेल तर सांगा प्लीज.